समजून घ्या : ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा गुलामांच्या जहाजाचा कप्तान, जॉन न्यूटन यांचा गर्व नेमका कधी उतरला?

२६ जून २०१५. अमेरिकेतील चार्ल्स्टन शहर. नऊ दिवसांपूर्वी तिथल्या एका चर्चमध्ये झालेल्या गोळीबारात नऊ कृष्णवर्णीयांचा बळी गेला होता. त्यांपैकी एक होते चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी. त्यांच्या अंत्यविधीला तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा बोलत होते. बोलता बोलता ते थांबले, काही क्षण शांत राहिले आणि चक्क गाऊ लागले. पाठोपाठ सगळे सभागृह गाऊ लागले. ते गीत होते ‘अमेझिंग ग्रेस’.

ज्या समाजाच्या पूर्वजांना साखळदंड घालून अमेरिकेत आणले गेले, त्या समाजाच्या शोकात हे गीत गायले गेले. आणि ते लिहिणारा माणूस एकेकाळी अशाच साखळदंडांनी भरलेल्या जहाजांचा कप्तान होता. त्याचे नाव जॉन न्यूटन.

सोशल मीडियावर त्यांची गोष्ट दोन ओळींत सांगितली जाते. समुद्रात वादळ आले, कप्तान घाबरला, देवाला शरण गेला, धंदा सोडला आणि गीत लिहिले. ऐकायला छान वाटते, पण घडले ते असे नाही. वादळानंतरही न्यूटन सुमारे सहा वर्षे गुलामांच्याच जहाजांवर होते. त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहायला त्यांना तब्बल ४० वर्षे लागली. ख्रिस्ती धर्मातील गर्व, देवाचा न्याय आणि देवाची दया या तीन कल्पना या माणसाच्या आयुष्यात कशा उतरल्या, हे या ४० वर्षांतच दिसते.

कोण होते जॉन न्यूटन?

आधी एक गल्लत दूर करू. हे गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणारे न्यूटन नव्हेत. आयझॅक न्यूटन यांचे निधन झाले तेव्हा हा जॉन दोन वर्षांचाही नव्हता.

जॉनचा जन्म १७२५ मध्ये लंडनच्या वॉपिंग या बंदरालगतच्या भागात झाला. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान, त्यामुळे वर्षातील बराच काळ समुद्रावर. आई एलिझाबेथ धार्मिक वृत्तीची. मुलाने पाद्री व्हावे, अशी तिची इच्छा होती. पण जॉन सात वर्षांचा होण्याआधीच क्षयाने ती गेली. अकराव्या वर्षी तो वडिलांबरोबर जहाजावर चढला.

पुढची काही वर्षे म्हणजे हातची संधी घालवण्याचा एक सिलसिलाच आहे. १७४४ मध्ये त्याला सक्तीने ब्रिटिश नौदलात भरती करण्यात आले. त्या काळी बंदरांवर तरुणांना पकडून थेट युद्धनौकेवर नेण्याची पद्धत होती. वडिलांच्या ओळखीमुळे ‘हार्विच’ या नौकेवर त्याला कनिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. एकदा खलाशी पळून जाऊ नयेत म्हणून लक्ष ठेवायला त्यालाच किनाऱ्यावर पाठवले. तिथून तो स्वतःच पळाला! पकडला गेला. सर्वांसमोर फटके बसले, दर्जा गेला. कप्तानाचा खून करावा किंवा समुद्रात उडी घ्यावी, इथपर्यंत विचार त्याच्या मनात आले.

याच काळात त्याने देवाधर्माला रामराम ठोकला होता. नुसते स्वतः मानत नव्हता असे नाही, तर मानणाऱ्या सहकाऱ्यांची श्रद्धा मोडून काढण्यात त्याला मजा वाटे. शिवीगाळीत तर खलाशीही त्याच्यापुढे हात टेकत. पुढे गुलामांच्या एका जहाजावर बदली झाल्यावर त्याने तिथल्या कप्तानाची टर उडवणारे गाणे रचले आणि सगळ्या खलाशांना शिकवले. ज्याचे गीत नंतर जगभर गायले गेले, त्याच्या सुरुवातीच्या एका रचनेची ही कथा.

ख्रिस्ती धर्मात गर्वाला एवढे महत्त्व का?

चोरी, व्यभिचार, खून ही पापे समजायला सोपी आहेत. ख्रिस्ती परंपरा मात्र त्यांच्याही आधी गर्वाला ठेवते. सहाव्या शतकातील पोप ग्रेगरी यांनी गर्वाला सगळ्या पापांचे मूळ मानले. इथे गर्व म्हणजे केवळ शेखी मिरवणे नव्हे. मला कोणाची गरज नाही, माझ्या कृत्यांचा जाब मला कोणी विचारू शकत नाही, ही धारणा म्हणजे गर्व.

येशूच्या एका दाखल्यात हे स्पष्ट होते. मंदिरात दोघे प्रार्थनेला येतात. एक धर्मनिष्ठ परूशी, दुसरा लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला जकातदार. परूशी आपल्या पुण्याची यादी वाचतो. जकातदार मान खाली घालून फक्त दया मागतो. देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. म्हणजे पापी माणसापेक्षाही, आपल्याला क्षमेची गरजच नाही असे मानणारा माणूस देवापासून जास्त दूर असतो.

न्यूटनकडे पुण्याची यादी नव्हती, पण जाब न देण्याचा गर्व पुरेपूर होता.

साखळदंडातल्या माणसांनी त्याला जेवू घातले

‘हार्विच’वरून सुटून न्यूटन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला. आजच्या सिएरा लिओनजवळील प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे तो कामाला लागला. लवकर श्रीमंत व्हायचे, हा हिशेब. झाले उलटेच. तो तापाने फणफणला. मालक सफरीवर गेला आणि मालकाची आफ्रिकी पत्नी त्याचा छळ करू लागली. ताटात उरलेले खरकटे त्याला मिळे, तेही तिची मर्जी असेल तेव्हा. पुढे मालकानेही चोरीचा संशय घेऊन त्याला जहाजाच्या डेकवर बांधून ठेवले. अंगावर धड कपडे नाहीत, दिवसाला मूठभर भात. रात्री चोरून जमिनीतली कच्ची मुळे उपटून तो खात असे.

अशा अवस्थेतही त्याने एक पुस्तक जपून ठेवले होते : युक्लिडची भूमिती. बेटाच्या कोपऱ्यात जाऊन वाळूवर काठीने आकृत्या काढत त्याने पहिले सहा खंड जवळपास स्वतःच शिकून घेतले. कोणताही शिक्षक नाही, कागद नाही. डोके तल्लख होते, यात शंका नाही.

पण या काळातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्याची उपासमार पाहून काही लोक गुपचूप त्याला अन्न आणून देत. त्यांत विक्रीसाठी साखळीने बांधून ठेवलेले गुलामही होते. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला जेमतेम घास येत, त्यातूनच ते काढून देत. कोणी पाहिले तर शिक्षा ठरलेली. ही माहिती पुढे खुद्द न्यूटन यांनीच आत्मकथनात लिहून ठेवली.

देवाच्या दयेवर ज्या माणसाने आयुष्यभर प्रवचने दिली, त्याच्यावर आफ्रिकेत दया केली ती साखळदंडातल्या माणसांनी. ही नोंद लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचे वजन तिच्यावर आहे.

वादळाच्या रात्री काय घडले?

वडिलांनी मुलाला शोधून आणायची विनंती ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजाच्या कप्तानाला केली होती. त्यानुसार न्यूटन परतीच्या प्रवासाला लागला. वाटेत सहज म्हणून टॉमस अ केम्पिस यांचे भक्तिपर पुस्तक त्याने चाळले आणि हे सगळे खरे असले तर, या विचाराने अस्वस्थ होऊन मिटून ठेवले.

दुसऱ्या दिवशी, १० मार्च १७४८ रोजी, उत्तर अटलांटिकमध्ये वादळाने जहाजाची एक बाजू फोडली. (ब्रिटनने १७५२ मध्ये नवे कॅलेंडर स्वीकारताना ११ दिवस गाळले. त्यामुळे आजच्या हिशेबाने ही तारीख २१ मार्च येते.) न्यूटन डेकवर जायला निघाला होता. कप्तानाने सुरी आणायला सांगितले म्हणून तो मागे वळला. त्याच्या जागी वर गेलेला माणूस लाटेबरोबर वाहून गेला.

जहाज बुडाले नाही, याला एक साधे कारण होते. मालात मधमाशांचे मेण आणि लाकूड होते. दोन्ही पाण्यापेक्षा हलके. पहाटे तीनपासून दुपारपर्यंत न्यूटन पंपाने पाणी उपसत राहिला. मग थोडी विश्रांती घेऊन मध्यरात्रीपर्यंत सुकाणू धरून उभा राहिला.

या धावपळीत कप्तानाशी बोलताना त्याच्या तोंडून सहज निघून गेले, की एवढे करूनही भागले नाही तर देवच दया करो. आणि तो स्वतःच दचकला. कित्येक वर्षांत त्याने दया हा शब्द गंभीरपणे उच्चारला नव्हता. पुढचा विचार त्याहून जड होता : माझ्यासारख्यावर दया कशी होईल? आईने लहानपणी शिकवलेली बायबलची वचने त्याला आठवू लागली. त्यांत नीतिसूत्रांच्या पुस्तकातली तंबीही होती. देवाची हाक धुडकावणाऱ्याची हाक संकटात ऐकली जात नाही, असा तिचा आशय. आपल्या पापांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे आणि आता उरला आहे तो फक्त न्याय, असे त्याला वाटले.

मोडके जहाज पुढे सुमारे चार आठवडे भरकटत राहिले. अन्न संपत आले. बायबलमधल्या योनामुळे जहाजावर वादळ आले होते, तसाच हा माणूस आपल्या जहाजावरचा अपशकून आहे, असे कप्तान उघड म्हणू लागला. अखेर ८ एप्रिलला जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. नांगर टाकून दोन तास होत नाहीत तोच पुन्हा जोराचा वारा सुटला. आदल्या रात्री तो सुटला असता तर कोणीच वाचले नसते.

न्यूटन यांनी पुढे आयुष्यभर २१ मार्च हा दिवस प्रार्थनेत घालवला.

मग गुलामांचा व्यापार सोडला का?

नाही. इथेच सोपी गोष्ट मोडते.

त्याच वर्षी न्यूटन गुलामांच्या जहाजावर दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी म्हणून गेला. १७५० मध्ये मेरी कॅटलेट हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यानंतर ‘ड्यूक ऑफ अर्गाइल’ आणि ‘आफ्रिकन’ या जहाजांचा कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. मार्ग ठरलेला होता. लिव्हरपूलहून माल घेऊन आफ्रिका, तिथून माणसे घेऊन वेस्ट इंडीज, तिथून परत लिव्हरपूल. अटलांटिकच्या या व्यापारात चार शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली. त्यांपैकी लाखो वाटेतच मेली.

कप्तान न्यूटन शिव्या देत नसे. रविवारी खलाशांना जमवून प्रार्थना घेई. पत्नीला प्रेमळ, भक्तिभावाची पत्रे लिही. आणि डेकखाली माणसे साखळ्यांत पडून असत. गुलाम बंड करणार असल्याचा संशय आला, तेव्हा काही मुलांना बेड्या घालून, अंगठे पिळणाऱ्या लोखंडी पेचात अडकवून त्याने कबुली घेतली. हे त्याच्या जहाजाच्या दैनंदिनीत, त्याच्याच अक्षरात नोंदलेले आहे. वाऱ्याची दिशा आणि पाण्याची खोली लिहावी, तितक्या सहजपणे.

हा ढोंगीपणा होता का? एका अर्थाने गोष्ट त्याहून वाईट होती. ढोंगी माणसाला आपण चूक करतोय हे ठाऊक असते. न्यूटनला ते दिसतच नव्हते. हा त्या काळी कायदेशीर आणि प्रतिष्ठित धंदा होता. आपले काम तुरुंगाधिकाऱ्यासारखे आहे, एवढेच त्याला खुपे. शिव्या, दारू, नास्तिकपणा ही पापे त्याने देवापुढे कबूल केली होती. ज्या पापातून पगार मिळत होता, ते यादीत आलेच नव्हते. गर्व उतरला होता, पण फक्त देवापुढे. माणसांपुढे तो तसाच होता.

१७५४ मध्ये पुढच्या सफरीवर निघण्याच्या तोंडावर त्याला झटका येऊन तो बेशुद्ध पडला. डॉक्टरांच्या सल्ल्याने समुद्र सुटला. सदसद्विवेकबुद्धीने नव्हे, प्रकृतीने.

जकातदार झाला पाद्री

१७५५ मध्ये न्यूटन लिव्हरपूल बंदरात जकात खात्याचे अधिकारी झाले. आलेल्या जहाजांवर चोरटा माल आहे का, हे तपासण्याचे काम. दाखल्यातल्या जकातदाराचीच जागा म्हणा ना! फावल्या वेळात ते ग्रीक आणि हिब्रू शिकले. पाद्री होण्यासाठी अर्ज केला, पण विद्यापीठाची पदवी नाही आणि विचार फार कट्टर, म्हणून वर्षानुवर्षे दारे बंद राहिली. १७६४ मध्ये लॉर्ड डार्टमथ यांच्या मदतीने अखेर दीक्षा मिळाली आणि ओल्नी या गावी नेमणूक झाली.

ओल्नी हे लेस विणणाऱ्या गरीब कारागिरांचे गाव. न्यूटन खलाशाचा जुना कोट घालून घरोघरी जात. स्वतःच्या चुका सांगत बोलणारा पाद्री लोकांना नवा होता. गर्दी एवढी वाढली की चर्चमध्ये जादा सज्जा बांधावा लागला.

‘ग्रेस’ म्हणजे नेमके काय?

ख्रिस्ती शिकवणीत तीन शब्द वेगळे करून पाहिले की सगळे सोपे होते. आपल्या कृत्याचे योग्य फळ मिळणे म्हणजे न्याय. हक्काची शिक्षा न मिळणे म्हणजे दया. आणि पात्रता नसताना काही चांगले पदरात पडणे म्हणजे ग्रेस, अर्थात कृपा. ती कमावता येत नाही, म्हणूनच तिचा गर्व करता येत नाही.

१ जानेवारी १७७३ रोजी ओल्नीच्या चर्चमध्ये न्यूटन यांनी दावीद राजाच्या प्रार्थनेवर प्रवचन दिले. मी कोण आणि माझे घराणे काय, की देवाने मला इथवर आणावे, असा त्या प्रार्थनेचा भाव आहे. त्या प्रवचनाला जोडून लिहिलेले गीत म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’. १७७९ मध्ये ते ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात छापले गेले. आज आपण ऐकतो ती चाल त्याला अमेरिकेत लाभली, १८३५ मध्ये. न्यूटन यांनी ती कधीच ऐकली नाही.

त्याच महिन्यात मित्र कोसळला

‘ओल्नी हिम्स’चे दुसरे कवी विल्यम कूपर. न्यूटन यांचे शेजारी आणि जिवलग मित्र. न्यूटन यांनी कृपेचे गीत लिहिले, त्याच जानेवारीत कूपर यांना नैराश्याने ग्रासले. देवाने आपल्याला कायमचे नाकारले आहे, इतरांना क्षमा आहे पण मला नाही, ही त्यांची समजूत शेवटपर्यंत गेली नाही. ते पुन्हा कधी चर्चमध्ये गेले नाहीत.

न्यूटन दांपत्याने कूपर यांना वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून सांभाळले. एकाच टेबलावर जेवणारे दोघे. एकाने वादळात न्यायाची भीती अनुभवली आणि तिच्या पलीकडे गेला, दुसरा त्या भीतीतच अडकला. प्रवचनाने मित्र बरा झाला नाही, तरी न्यूटन यांनी त्याला दोष दिला नाही, सोडलेही नाही. आज आपण या अवस्थेकडे आजार म्हणून पाहतो. न्यूटन यांच्या दयेची खरी परीक्षा त्या घरात झाली, असे म्हणता येईल.

चाळीस वर्षांनी कबुली

१७८० मध्ये न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये आले. डिसेंबर १७८५ मध्ये २६ वर्षांचा एक खासदार त्यांना गुपचूप भेटायला आला : विल्यम विल्बरफोर्स. राजकारण सोडून धर्मकार्याला वाहून घ्यावे का, हा त्याचा प्रश्न. न्यूटन यांनी संसदेतच राहण्याचा सल्ला दिला. दोन वर्षांत विल्बरफोर्स यांनी गुलामांच्या व्यापारावर बंदीचा लढा हाती घेतला.

आणि १७८८ मध्ये, ६२ वर्षांच्या न्यूटन यांनी आफ्रिकी गुलाम व्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ही कबुली फार उशिरा येते आहे, हे त्यांनी त्यातच मान्य केले. दाटीवाटीने कोंबलेली माणसे, फटके, अंगठे पिळणारे पेच, हे सारे त्यांनी साक्षीदार म्हणून मांडले. त्याच वर्षी सरकारच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि नंतर संसदेच्या समितीपुढेही साक्ष दिली.

नवी माहिती त्यांच्याकडे काहीच आली नव्हती. जे १७५० च्या दशकात दैनंदिनीत लिहिले, तेच १७८८ मध्ये लिहिले. तेव्हा ती कामाची नोंद होती, आता तो गुन्ह्याचा पुरावा झाला. फरक एवढाच, की आता ते त्या माणसांपुढेही जाब द्यायला उभे होते. व्यापाराच्या समर्थकांना ही साक्ष खोडून काढणे अवघड होते, कारण बोलणारा माणूस त्यांच्यातलाच होता.

२५ मार्च १८०७ रोजी ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब झाले. दृष्टी गेलेले, थकलेले न्यूटन तेव्हा हयात होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गुलामगिरीच बेकायदा ठरायला मात्र १८३३ साल उजाडले. तो कायदाही कंपनी सरकारच्या ताब्यातील भारताला लागू नव्हता. इथे त्यासाठी १८४३ पर्यंत वाट पाहावी लागली.

मराठीशी संबंध काय?

एक धागा आहे. लंडनमध्ये न्यूटन यांच्या प्रवचनांनी प्रभावित झालेला क्लॉडियस ब्युकॅनन हा तरुण काही काळ त्यांचा सहायक होता. तो १७९७ मध्ये कलकत्त्याला आला आणि पुढे फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख झाला. याच कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवत. कॅरींनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला. मराठीच्या छपाईच्या इतिहासात ही सुरुवातीची पुस्तके महत्त्वाची मानली जातात.

थडग्यावर काय लिहिले, काय नाही?

न्यूटन यांनी स्वतःच्या थडग्यावरचा मजकूर स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एकेकाळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचा नोकर होतो, आणि ज्या श्रद्धेचा नाश करू पाहिला तिचाच प्रचार करण्यासाठी ख्रिस्ताच्या दयेने आपल्याला वाचवले, क्षमा केली, असा त्याचा आशय. १८९३ मध्ये त्यांचे अवशेष ओल्नीला हलवण्यात आले.

या मजकुरात आफ्रिकेत स्वतः भोगलेल्या हालांचा उल्लेख आहे. तिथून माणसे भरून नेणाऱ्या जहाजांच्या कप्तानपदाचा नाही. ते वाचायचे तर १७८८ ची पुस्तिका उघडावी लागते. आणि प्लँटेन बेटावर ज्यांनी आपला घास काढून त्याला दिला, त्या साखळदंडातल्या माणसांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत.